सुखावणारी रेघ

"लोक घाबरतात, सिंचना! सकाळी उठल्या उठल्या, कॉफीचा घोट पोटात जायच्या आधी, कुणाला लाल ठिपका बघायचा असतो?"

निरंजननं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि बैठकीतल्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं. बेंगळुरूच्या जयनगरातल्या त्या छोट्या कंपनीचा तो मालक. सगळ्यांत जास्त राबणाराही तोच, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत होती.

कंपनीचं ॲप होतं 'नेम्मदी'. नेम्मदी म्हणजे मनाची स्वस्थता. ज्यांचं हृदय थकलेलं आहे, अशा माणसांसाठी ते होतं. हृदय थकलं की अंगात पाणी साठू लागतं. डोळ्यांना ते लवकर दिसत नाही, पण वजनकाट्याला दिसतं. म्हणून रोज सकाळी वजन करायचं, आकडा ॲपमध्ये भरायचा, आणि ॲपनं त्याचा आलेख काढून दाखवायचा. चार-पाच दिवसांत वजन दोन किलोनं चढलं तर डॉक्टरांना गाठायचं. काम एवढंसंच, पण त्यावर माणसाचा जीव टांगलेला.

तो आलेख सिंचनानं काढला होता. ती मूळची तीर्थहळ्ळीची. बेंगळुरूला शिकली आणि इथेच रमली. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर महिन्याभराची हकीकत एका नजरेत दिसली पाहिजे, ही तिची हौस होती. तिच्या पहिल्या आलेखात प्रत्येक रुग्णाचं योग्य वजन मध्यावर असे, त्याच्या भोवती एक फिकट पट्टा, आणि रोजचा एकेक ठिपका. ठिपका पट्ट्याबाहेर गेला की लाल होई. कंपनीला सल्ला देणाऱ्या डॉक्टर कलावती यांना तो फार आवडला होता. "अगदी माझ्या मनातलं काढलंस," असं त्या म्हणाल्या होत्या.

पण रुग्णांना तो आवडला नाही. ठिपका लाल झाला की ते ॲप उघडायचंच सोडून देत. एकानं तर लिहिलं होतं, "तुमचं ॲप बघूनच माझं बी.पी. वाढतं. आधी त्यावर औषध काढा!"

"हे बघ," निरंजन आता मऊ आवाजात म्हणाला, "माझ्या वडिलांना डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. त्या दिवशी त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. आजारानं नव्हे, त्या वाक्यानं गेले ते. माणसाला आशा लागते. आलेख असा कर की बघून जिवाला बरं वाटेल."

सिंचनाला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं.

ती कामाला लागली. आधी तिनं उभं माप बदललं. शून्यापासून थेट शंभराच्या पुढे नेलं. मग रोजचे टोचणारे ठिपके काढून टाकले आणि आठवड्याची सरासरी धरून एक मऊ, वळणदार रेघ ओढली. लाल रंग गेला, त्याच्या जागी मोरपिशी आला. आकडे गर्दी करतात म्हणून बाजूचे सगळे पुसले. आजचं वजन तेवढं तळाशी बारीक अक्षरांत ठेवलं. पडदा कसा मोकळा मोकळा दिसू लागला! खोटं त्यात काहीच नव्हतं. सगळे आकडे खरे होते. फक्त दोन किलोंची चढण त्या मापात मुंगीएवढी दिसत होती.

सिंचना हनुमंतनगरात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. खाली घरमालक पुट्टस्वामय्या आणि त्यांची बायको गौरम्मा. पुट्टस्वामय्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सारी गल्ली त्यांना 'मेष्ट्रु' म्हणायची. पाठ ताठ, मिशा पिळदार, आणि आवाज असा, की हाक मारली तर वरच्या मजल्यावर भांडी वाजावीत. गेल्या वर्षी हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हापासून मात्र आवाज थोडा खाली आला होता. ॲप त्यांच्या मोबाइलवर सिंचनानंच घालून दिलं होतं. ठिपका लाल झाल्यावर चार दिवसांत त्यांनी ते उघडायचं सोडून दिलं, हेही तिला ठाऊक होतं.

नवा आलेख तयार झाला तेव्हा तिनं तो सगळ्यांत आधी त्यांना दाखवला.

"मेष्ट्रे, बघा तरी. आता नाही ओरडत तो तुमच्यावर."

मेष्ट्रूंनी चष्मा नाकावर सरकवला. बराच वेळ पाहिलं. सिंचनाला ते लाडानं 'पुट्टी' म्हणत, म्हणजे छोटी पोर. मग बायकोला हाक मारली, "अगं ए, इकडे ये! बघ, आपली पुट्टी काय करून आणलीय! याला म्हणतात रेघ. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा इतकी सरळ उभी राहिली नाहीत कधी."

"रेघ सरळ असून काय करायचं?" गौरम्मा स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. "लोणच्याच्या बरणीकडे जाणारा हात सरळ करा आधी."

"ऐकलंस? घरात एक डॉक्टर आहेच. तुझं ॲप निदान गोड तरी बोलतं!"

तिघंही हसली. त्या दिवसापासून मेष्ट्रु रोज सकाळी न चुकता वजन करू लागले.

पुढच्या बैठकीत डॉक्टर कलावती आल्या. नवा आलेख पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सिंचना, हे काय केलंस गं? या आजारात दोन किलो म्हणजे घंटा आहे, घंटा! आणि तू घंटेला कापूस गुंडाळलास."

"पण मॅडम, आकडा आहे ना खाली."

"सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. तो तुझी बारीक अक्षरं वाचणार, की मोठी रेघ बघणार? त्या रेघेची चढण दिसत नसेल, तर ती काढलीसच कशाला? शोभेला?"

निरंजन मध्ये पडला. "डॉक्टर, आधीच्या आलेखाला चढण होती, पण बघणारा कुणी नव्हता. आता लोक रोज उघडतायत."

आणि इथे सिंचनानं एक गोष्ट केली, जी पुढे तिला कधी विसरता आली नाही. तिनं मेष्ट्रूंचं उदाहरण दिलं. "माझे घरमालक आहेत, मॅडम. लाल पाहून त्यांनी ॲप सोडलं होतं. आता रोज उघडतात. म्हणतात, तुझं ॲप निदान गोड तरी बोलतं." सगळे कौतुकानं हसले. कुणीतरी टाळीही वाजवली.

डॉक्टर कलावती मात्र हसल्या नाहीत. "उघडतात खरं," त्या म्हणाल्या, "पण बाई, त्यातून त्यांना कळतं काय?"

तरीही आलेख मंजूर झाला.

डिसेंबरात थंडी पडली. मेष्ट्रु पायांत लोकरी मोजे घालू लागले आणि दिवसभर काढेनात. अंगणात फेऱ्या मारायचे, त्या कमी झाल्या. आडवं झालं की छाती भरते म्हणून आरामखुर्चीतच झोप काढू लागले. गौरम्मांनी दवाखान्याचं नाव काढलं की ते मोबाइल पुढे धरत.

"हे बघ. आहे का कुठे चढ? थंडीनं अंग जड होतं माणसाचं. उगाच मंड्याला फोन करून हेमाला सांगू नकोस, ती पोरगी पोरंबाळं टाकून धावत येईल."

हेमावती ही त्यांची एकुलती एक मुलगी, मंड्याला दिलेली. दर रविवारी तिचा फोन येई. दर रविवारी गौरम्मा म्हणत, "सगळं छान आहे गं. अप्पा काय, जेवतात, झोपतात, माझ्याशी भांडतात."

एके दिवशी सकाळी सिंचना घाईघाईनं जिना उतरत होती. गौरम्मा खाली मेष्ट्रूंचा मोबाइल हातात घेऊन उभ्या होत्या.

"पुट्टी, जरा बघ गं हे. मला मेलीला यातलं काही कळत नाही. ते म्हणतात ठीक आहे. ठीक आहे ना?"

सिंचनाच्या एका हातात हेल्मेट, खांद्यावर पिशवी. तिनं पडद्यावर नजर टाकली. मोरपिशी रेघ, शांत, जवळजवळ आडवी. तिनं स्वतः ओढलेली. तिला चांगलं जमलेल्या कामाचा तो ओळखीचा आनंदही क्षणभर वाटून गेला.

"ठीक आहे, अम्मा. काळजी करू नका," ती म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रु न्हाणीघराच्या दारात कोसळले.

रुग्णवाहिकेत गौरम्मा त्यांचा हात धरून बसल्या होत्या. मेष्ट्रूंच्या ओठांना निळसर रंग आला होता. इस्पितळात तरुण डॉक्टरनं त्यांच्या पायातले मोजे कापून काढले. घोट्यावर त्यानं बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत राहावा तसा.

"वजन किती दिवसांपासून वाढतंय?" त्यानं विचारलं.

"वाढत नाहीये, डॉक्टर," सिंचना म्हणाली. "रोज बघतात ते. हे पाहा." तिनं मोबाइल पुढे केला.

डॉक्टरनं रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पडदा डोळ्यांजवळ नेला, तळातली बारीक अक्षरं वाचली. मग मागच्या दिवसांचे आकडे एकेक करत उघडले.

"एकाहत्तर होतं. आज पंचाहत्तरच्या वर गेलंय. आठवडाभर चढतंय हे! कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

 सिंचनानं मोबाइल परत घेतला आणि ती रेघ पुन्हा पाहिली. आता माहीत असूनसुद्धा तिला चढ नीट दिसेना! ज्या हातांनी तो झाकला होता, त्या हातांच्या मालकिणीलाही तो दिसत नव्हता.

संध्याकाळी मेष्ट्रूंना थोडी शुद्ध आली. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. त्यांनी सिंचनाला जवळ बोलावलं आणि मुखवटा जरासा बाजूला केला.

"पुट्टी, रडतेस कशाला? मला कळत होतं गं. मोजे काय उगाच घातले होते? पण सकाळी तुझी रेघ बघितली की वाटायचं, मीच भित्रा आहे. कवायतीच्या मास्तरानं भ्यायचं म्हणजे..." पुढे त्यांना धाप लागली. नर्सनं मुखवटा परत लावला.

ते त्यांचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेष्ट्रु गेले.

हेमाला घाबरवायचं नाही म्हणून गौरम्मांनी फोन केला तो मेष्ट्रु अत्यवस्थ झाल्यावर, आणि ती मंड्याहून आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. इस्पितळाच्या ओसरीत ती आईच्या खांद्याला धरून गदागदा हलवत होती. "अम्मा, परवा रविवारी तू मला काय म्हणालीस? छान आहे म्हणालीस ना? मला दोन तासांची वाट होती गं! दोन तासांची! मी आले असते. त्यांच्या पायाशी बसले असते. मी परकी झाले का तुम्हाला?"

 गौरम्मा रडत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या. जिन्याच्या आडोशाला सिंचना उभी होती. तिला वाटलं, हा प्रश्न हेमानं खरं तर मला विचारायला हवा.

दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. हेमाच्या मुलांच्या परीक्षा होत्या, तीही जड पायानं परत गेली. सिंचना आता पाऊल न वाजवता जिना चढे-उतरे. गौरम्मांचा दरवाजा उघडा दिसला तर मान खाली घालून निघून जाई. घर सोडावं, दुसरीकडे खोली बघावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संक्रांत तोंडावर आली होती. एका दुपारी गौरम्मांनीच हाक मारली.

"अशी चोरासारखी काय जातेस? ये आत."

त्या जमिनीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. सिंचना समोर बसली. दोन शेंगा हातात घेतल्या, पण सोलवेनात. आणि मग तिला राहवलं नाही. ती एकदम बोलून गेली.

"अम्मा, चूक माझी आहे. वजन वाढत होतं. मी तो आलेखच असा केला होता की वाढ दिसू नये. लोकांना बरं वाटावं म्हणून. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही मला जिन्यात विचारलंत, तेव्हा मी आकडा वाचलाही नाही."

गौरम्मांचा हात थांबला.  गल्लीतून भाजीवाल्याची आरोळी गेली.

"खरा आलेख कसा दिसला असता?" त्यांनी विचारलं.

"अम्मा, नको."

"दाखव."

सिंचनानं वरून संगणक आणला. मेष्ट्रूंचे आकडे त्यात होते. तिनं जुनं माप लावलं, फिकट पट्टा आखला, एकेका दिवसाचा ठिपका ठेवला. ठिपके आधी पट्ट्यात रेंगाळले. मग एक वर गेला, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. शेवटचे सगळे लाल. एखाद्या खड्या टेकडीसारखी ती चढण होती. लहान मुलानंही बोट ठेवून सांगितलं असतं.

गौरम्मांनी त्या टेकडीवरून बोट फिरवलं. पहिल्या लाल ठिपक्यावर बोट थांबलं.

"हा कुठला दिवस?"

"डिसेंबरातला, अम्मा. दुसरा सोमवार."

"त्या दिवशी त्यांनी मला म्हटलं, आज उशी जास्त दे. मी दिली. विचारलं नाही का म्हणून." त्यांनी बोट उचललं. "म्हणजे त्या दिवशी नेलं असतं तर?"

सिंचनाला वाटलं, आता तरी काहीतरी गोड बोलावं. म्हणावं, अम्मा, तरीही काही सांगता आलं नसतं. शब्द ओठांवर आले होते. पण ते तिनं गिळले.

"बहुतेक वाचले असते, अम्मा."

गौरम्मांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा वेदनेनं आवळला, आणि मग हळूहळू सैल झाला.

"तुला काय बोलू मी?" त्या म्हणाल्या. "तू पडद्यावर सपाट रेघ काढलीस. मी दर रविवारी हेमाला फोनवर तीच काढून दाखवत होते. आणि ते मोजे घालून मला दाखवत होते. या घरात तिघांनी मिळून एक माणूस घालवला, पुट्टी. प्रत्येकानं दुसऱ्याला त्रास नको म्हणून!"

सिंचना हुंदके देऊन रडू लागली. गौरम्मांनी तिला रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवला.

"संक्रांतीला येळ्ळु-बेल्ला हातावर ठेवताना काय म्हणतो आपण? चांगलं बोला. तीळगूळ खा आणि चांगलं बोला. आम्ही आयुष्यभर त्याचा अर्थ गोड बोला असा लावला. चांगलं आणि गोड यांत किती अंतर आहे, ते बघ. नवरा जाण्याएवढं. तू अजून तरुण आहेस. घर सोडून पळू नकोस. तुझ्या त्या ऑफिसात जा आणि चांगलं बोल."

दुसऱ्याच आठवड्यात सिंचनानं बैठक मागितली. डॉक्टर कलावतींनाही बोलावून घेतलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिनं दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एक मोरपिशी, आडवा. दुसरा लाल, चढता.

"निरंजन, या दोघांतल्या कुणाला आज इस्पितळात न्यायला हवं?"

"हा काय प्रश्न झाला? उजवीकडच्याला. ताबडतोब."

"दोन्ही आलेख एकाच माणसाचे आहेत. दिवसही तेच. ते माझे घरमालक. त्यांचंच वाक्य मी इथे अभिमानानं सांगितलं होतं, आणि आपण सगळे हसलो होतो. ते आता नाहीत."

 निरंजनचा चेहरा उतरला. तरी तो पुटपुटला, "पण आकडा खाली लिहिलेला होताच की."

"लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, निरंजन," डॉक्टर कलावती म्हणाल्या. "आगगाडी येतेय हे पाटीवर बारीक अक्षरांत लिहायचं, आणि फाटक उघडं ठेवायचं. मग कुणी गेला तर म्हणायचं, पाटी होती की!"

"तुम्हाला सोपं आहे बोलायला!" निरंजन उसळला. "माझे वडील गेले त्या खऱ्या बोलण्यानं. डॉक्टरनं तोंडावर खरं सांगितलं आणि ते खचले!"

डॉक्टर कलावती त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खरं सांगितलं म्हणून खचले, की सांगून डॉक्टर निघून गेला म्हणून?"

निरंजनचं तोंड उघडं राहिलं. कितीतरी वर्षं मनात पक्का बसलेला एक खिळा जणू कुणी हलवला होता.

"निघून गेला," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "डॉक्टर गेला. आणि आम्हीही सगळे खोलीबाहेर आलो. आमचं रडं त्यांना दिसू नये म्हणून. ते आत एकटेच होते."

त्यानं चेहरा ओंजळीत झाकून घेतला.  थोड्या वेळानं सिंचना म्हणाली, "माझा पहिला आलेखही तसाच होता, निरंजन. लाल करायचा आणि निघून जायचा. म्हणून लोक पळत होते. लोकांना लाल रंगाचं भय नव्हतं. पुढे काय करायचं हे कळत नव्हतं, त्याचं भय होतं. आपण खरं दाखवू, आणि त्याच्या शेजारी उभेही राहू."

नवा आलेख सिंचना आणि डॉक्टर कलावती या दोघींनी मिळून केला. चढण पुन्हा चढणीसारखी दिसू लागली. ठिपके परत आले, लाल रंगही आला. पण ठिपका लाल झाला की त्याच्या खाली, आता मोठ्या अक्षरांत, साध्या कन्नडमध्ये एक वाक्य येऊ लागलं: 'अंगात पाणी साठतंय. यावर उपाय आहे. आजच डॉक्टरांशी बोला.' बोट लावलं की थेट डॉक्टरांना फोन. आणि रुग्णानं आधी परवानगी दिली असेल, तर घरातल्या एका माणसालाही त्याच वेळी निरोप. आलेख बाहेर जाण्याआधी सिंचनानं तो म्हाताऱ्या माणसांच्या हातात दिला. यावेळी "आवडला का?" असं तिनं विचारलं नाही. "काय कळलं?" एवढंच विचारलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुष्कळ लोक ॲप सोडून गेले. कंपनीत पैसे गुंतवणाऱ्यांनी निरंजनला चार शब्द सुनावले, ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतले. कुणी शिव्या लिहिल्या. पण जे राहिले, त्यांच्यातल्या काही जणांचे फोन वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचू लागले. डॉक्टर कलावती कधीतरी सांगत, "आज एक बाई आल्या होत्या. घाबरल्या होत्या, पण वेळेत आल्या." तेवढं ऐकलं की सिंचना खिडकीबाहेर बघत राही. वेळेत न आलेला एक माणूस तिला आठवत असे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती खाली गौरम्मांपाशी बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. मंड्याहून हेमाचा होता.

"अम्मा, कशी आहेस?"

"छा..." इतक्या वर्षांच्या सवयीनं शब्द अर्धा बाहेर आला होता. गौरम्मा थांबल्या. त्यांनी सिंचनाकडे पाहिलं, मग रिकाम्या आरामखुर्चीकडे.

"बरी नाहीये गं, हेमा," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी चूल पेटवायला हात होत नाही. झोप येत नाही. सकाळी उठले की दोन कप कॉफी करते, आणि मग एक मोरीत ओतते."

 पलीकडून हेमाचा रडका आवाज आला. "मी येते, अम्मा. आजच निघते. तू फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

आणि मेष्ट्रु गेल्यापासून ज्या एकदाही रडल्या नव्हत्या, त्या गौरम्मा फोन कानाशी धरून धाय मोकलून रडल्या. सिंचना उठून गेली नाही. समजूतही घालायला गेली नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिली.

वाचकहो, आलेख काढणं हे काही सगळ्यांचं काम नाही. पण आपलं माणूस आपल्याकडे बघून विचारतं, "ठीक आहे ना?" तेव्हा आपण जे उत्तर देतो, तोही एक आलेखच असतो. आजाऱ्यापासून आजार लपवणं, मुलांपासून दुखणं लपवणं, आणि हे सारं प्रेमापोटी केलं असं म्हणून स्वतःची समजूत घालणं, ही आपल्या घराघरांत मुरलेली सवय आहे. ती माया दिसते, पण माणसाला त्याच्या संकटात एकटं टाकते. आपल्या माणसाला खरं सांगायला हवं. त्याला भीती वाटेल, वाटू द्यावी. आणि सांगून झाल्यावर खोलीबाहेर जाऊ नये.